तीन दिवसांत बाळाच्या पोटात काय काय गेलं? एका घरातल्या सर्दीचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. एकोणीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. हे प्रकरण नोव्हेंबर २०२५ मधलं. घरच्यांना विचारून आणि त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलून ते लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; औषधं, आकडे आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. यात माझीही एक चूक आहे. ती तिच्या जागी येईल.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. आजी, त्यांचा मुलगा, सून, साडेपाच वर्षांचा नातू आणि नऊ महिन्यांची नात. आत्या पुण्याला असते, पण रोज रात्री फोनवर घरातच असते म्हणायला हरकत नाही.

आजींबद्दल आधी सांगायला हवं. आळीत कुणाकडे बाळंतीण असली की अंघोळ-मालिशीला त्यांनाच बोलावतात. त्यांच्या हातचं बाळ न्हाऊन निघालं की तीन तास झोपतं, असं बायका सांगतात, आणि ते खरं आहे. घरात सहाणेवर गुटी त्याच उगाळतात: हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, जेष्ठमध, सुंठ. कशाचे किती वळसे घ्यायचे हे त्यांच्या बोटांना पाठ. सून पदवीधर आहे. पहिल्या बाळाच्या वेळी तिचं आणि सासूबाईंचं या गुटीवरून वाजलं होतं, आणि तेव्हापासून दोघींनी एक अबोल तह केला होता: औषधाचं सून बघेल, घरगुतीचं आजी बघतील. एकीने दुसरीला विचारायचं नाही. हा तह पुढे फार महाग पडला.

दुसरी पार्श्वभूमी त्या वेळच्या बातम्यांची. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं, त्यामुळे आपल्याकडे ती बातमी घरातली असल्यासारखी ऐकली गेली. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. आमच्या पेशातल्या माणसांना हे नाव ऐकलं की मुंबईचं जे. जे. रुग्णालय आठवतं. १९८६ मध्ये तिथे औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच रसायन निघालं होतं आणि चौदा रुग्ण गेले होते. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. चाळीस वर्षांनी तेच नाव पुन्हा वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

छिंदवाड्यानंतर केंद्र सरकारने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती शक्यतो टाळावीत. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्येच, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही सर्दीच्या औषधांतली जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापण्याचा आदेश निघाला होता. सुनेने बातम्या पाहिल्या आणि घरात जाहीर केलं की बाळाला आता खोकल्याचं कुठलंही सिरप नाही. तिची भीती रास्त होती. पण ‘सिरप नाही’ म्हटल्यावर घरात जी पोकळी झाली, ती दुसऱ्या गोष्टींनी भरली.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या आणि त्याच आठवड्यात बुधवारी नातू शेंबूड घेऊन घरी आला. यात नवल काही नाही. या वयाच्या मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच. शुक्रवारी बाळाचं नाक वाहू लागलं. शनिवारी संध्याकाळी ताप आला, १००.८.

शनिवारी बाबा माझ्याकडे आले होते. “ताई, बाळाच्या तापाचं पॅरासिटामॉल द्या.” ऐन गर्दीची वेळ. मी साठ मिलिची बाटली काढून दिली, पावती केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. किती द्यायचं हे त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना माहीत होतं: लशीनंतर डॉक्टरांनी ‘ताप आला तर एक मिलि’ असं सांगितलं होतं. मीही विचारलं नाही.

सोमवारी रात्री पावणेआठला ते पुन्हा आले. या वेळी मागणी वेगळी होती.

“ताई, कफ लई झालाय बाळाला. ते गुलाबी अँटिबायोटिक द्या, पावडरचं, पाणी घालून हलवायचं असतं ते. मागं मोठ्याला त्यानंच गुण आला.”

“चिठ्ठी आहे?”

“डॉक्टर नाहीत, गावाला गेलेत. उद्या येतील. आजची रात्र निघायला पाहिजे. कायतरी कडक द्या.”

‘आजची रात्र निघायला पाहिजे’ हे वाक्य मी या काउंटरवर शेकडो वेळा ऐकलं आहे. ते ऐकलं की मी आता हातातलं काम खाली ठेवते. विचारलं, शनिवारपासून बाळाला काय काय दिलं?

“पॅरासिटामॉल. बाकी घरगुतीच.”

मी पावतीमागे लिहायला सुरुवात केली आणि म्हटलं, घरी फोन लावा, स्पीकरवर ठेवा. पुढची दहा मिनिटं मी लिहीत होते आणि त्या घरातली माणसं एकमेकांना पहिल्यांदाच काहीतरी सांगत होती.

पॅरासिटामॉल, एक-एक मिलि, दिवसातून तीनदा. छातीला आणि पाठीला बाम, दोन वेळा, आईने. ओव्याची पोटली तव्यावर गरम करून, आजींनी. पोटलीत कापराच्या दोन वड्या. न्हाणीनंतर शेगडीवर ओवा, वावडिंग आणि लसणाच्या सालांची धुरी, रोज. तुळशीचा रस मधातून, सकाळ-संध्याकाळ. नाक मोकळं व्हावं म्हणून नाकपुड्यांत कोमट तेलाचे दोन-दोन थेंब. गुटीत नेहमीपेक्षा जास्त जायफळ, “पोर झोपंना, म्हणून चार वळसे जास्त घेतले.” इथपर्यंत आल्यावर बाबा गप्प झाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “आणि मी काल रात्री आणि आज दुपारी मोठ्याच्या खोकल्याच्या औषधातलं अर्धा-अर्धा चमचा दिलं. हिला सांगितलं नव्हतं. चिडली असती.”

फोनच्या पलीकडे शांतता.

एवढं सगळं नऊ महिन्यांच्या, साडेसात किलोच्या जिवाला तीन दिवसांत. यातलं काहीही कुणी निष्काळजीपणे दिलं नव्हतं. प्रत्येकाने मायेनं दिलं होतं, आणि आपण एकच गोष्ट देतो आहोत असंच प्रत्येकाला वाटत होतं.

बाटल्यांचा घोळ

इथे थोडं थांबते, कारण पॅरासिटामॉलची भानगड अनेक घरांत होते आणि ती बाटली माझ्या हातून गेली होती.

बाळांसाठी हे औषध दोन रूपांत मिळतं. छोट्या बाटलीतले थेंब, ड्रॉपरसकट. त्यात एका मिलित १०० मिलिग्रॅम औषध असतं. आणि मोठ्या बाटलीतलं सिरप. त्यात साधारण पाच मिलित १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, काहींमध्ये पाच मिलित २५०. डॉक्टरांनी सांगितलेला ‘एक मिलि’ थेंबांचा होता. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने या बाळाला एका वेळी शंभर मिलिग्रॅमच्या आसपास बरोबर होतं. मी दिलं ते सिरप, पाच मिलित १२५चं. त्याच्या एका मिलित औषध फक्त २५ मिलिग्रॅम. म्हणजे बाळाला तीन दिवस चौथा हिस्सा डोस मिळत होता. ताप उतरेना. ताप उतरेना म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरलं, आणि एकेकाने आपापली भर घातली.

घोळ उलटा झाला असता, सिरपचे चार मिलि पाठ असलेल्या माणसाच्या हाती थेंबांची बाटली पडली असती, तर दर वेळी चौपट औषध पोटात गेलं असतं. दोन-तीन दिवस तसं चाललं तर यकृताला इजा होते. बाळाच्या औषधात ‘किती मिलि’ हा प्रश्न अर्धवट आहे. कुठल्या बाटलीतले मिलि, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. शनिवारी मी तो विचारायला हवा होता. बाटलीवर पट्टी चिकटवून ‘बाळाला एका वेळी ४ मिलि, सहा तासांनी, ताप असेल तरच’ एवढं लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

निर्णयाची घटका

यादी झाली, पण रात्रीचा निर्णय त्या यादीवर होणार नव्हता. तो बाळाच्या श्वासावर होणार होता. मी आईला व्हिडिओ कॉल करायला सांगितलं. बाळ रडत नसताना, पीत नसताना अंगरखा वर करा, पोट-छाती दिसू द्या, आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजू. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही.

आम्ही दोघींनी मोजले. अठ्ठावन्न. पुन्हा मोजले. साठ.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे साधे आहेत आणि आशा कार्यकर्त्यांनाही ते शिकवले जातात: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो धोक्याचा वेगवान श्वास. त्यात या बाळाच्या बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. सकाळपासून ती अंगावर दोनदाच प्यायली होती.

तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला, “दुपारीच म्हणलं होतं मी, पोरीचं पोट उडतंय.”

त्यांनी दुपारी म्हटलं होतं. सुनेने ऐकलंही होतं. तिला वाटलं, आजींचं नेहमीचं. ‘पोट उडतंय’, ‘डबा झालाय’, ‘छाती भरलीय’ हे आपल्या बायकांचे शब्द आहेत आणि ते फालतू नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बालन्यूमोनियावर गावपातळीवर काम केलं तेव्हा लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईंनाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं एक साधन बनवलं होतं. बाळाची छाती ओळखणारी नजर त्या बायकांकडे आधीपासून होती. मण्यांनी त्या नजरेला आकडा दिला. आमच्या आजींनी सोमवारी दुपारी जे पाहिलं ते बरोबर होतं. ते ऐकणारं कुणी नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बाबांचा: अँटिबायोटिक द्या आणि सकाळपर्यंत बघू. चिठ्ठीशिवाय मी ते देऊ शकत नाही, हा कायदा झाला. पण चिठ्ठी असती तरी त्या रात्रीचा प्रश्न त्याने सुटला नसता. या वयात नाक वाहण्याने सुरू होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्वास लागणारा आजार बहुतेक वेळा विषाणूचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. आणि जिवाणूचा न्यूमोनिया असता तरी बरगड्या ओढणाऱ्या बाळाला घरी सिरप पाजत बसणं हा उपचार नव्हे.

दुसरा आत्याचा, फोनवरून: शेजाऱ्यांकडे नेब्युलायझर आहे, वाफ द्या. शेजारच्या मुलाला दमा आहे, त्याचं औषध त्याच्यासाठी. इतक्या लहान बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजलेल्या असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि ‘वाफ दिली’ या समाधानात तासभर जातो. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ तर नकोच; भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

तिसरा: गावातल्या एका दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन यायचं. तो दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा असतो. हा पर्याय आईला पटत होता, कारण जवळ होता. मी विचारलं, तिथे ऑक्सिजन आहे का? नाही. रात्रभर बाळाकडे बघायला कुणी आहे का? नाही. मग तिथे गेलेला वेळ वायाच.

चौथा: आत्ताच्या आत्ता जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे बालरोग विभाग आणि ऑक्सिजन आहे. पाऊण तासाचा रस्ता, थंडी, रात्र, आणि मोठ्याला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. बाबा दोनदा म्हणाले, “सकाळी लवकर निघालो तर?” मी त्यांना सरळ सांगितलं की माझी मुलगी असती तर मी आत्ता शटर ओढून निघाले असते. हे सांगायचा मला अधिकार आहे का, असा विचार मनात आला होता. मी डॉक्टर नाही. पण निदान करणं वेगळं आणि ‘हे घरी ठेवायचं बाळ नाही’ हे ओळखणं वेगळं. दुसरं काम माझंही आहे.

काय केलं

शेजाऱ्यांची गाडी मिळाली. निघताना चार गोष्टी सांगितल्या. बाळाला गुंडाळून झोपवू नका, मांडीवर थोडं उभं धरा. नाकात काही घालायचं तर फक्त सलाइनचे थेंब. ती बाटली मी दिली. धाप लागलेली असताना जबरदस्तीने पाजू नका. आणि ओठ निळसर दिसले, श्वास मध्येच थांबला किंवा बाळ हाक मारून जागं होईना, तर गाडी न थांबवता १०८ला फोन लावा आणि वाटेतलं जवळचं रुग्णालय विचारा.

पाचवी गोष्ट म्हणजे ती पावती. तिच्यामागची यादी डॉक्टरांच्या हातात द्यायची, एक ओळही न गाळता. बाबांनी विचारलं, “जायफळाचं पण सांगायचं? हसतील.” म्हटलं, जायफळाचं सगळ्यात आधी सांगा. जायफळाने गुंगी येते. खोकल्याच्या सिरपमधल्या क्लोरफेनिरामिननेही येते. आणि ऑक्सिजन कमी पडला तरी बाळ मलूल होतं. समोरचं बाळ यातल्या कशाने पेंगुळलं आहे, हे डॉक्टरांनी यादीशिवाय कसं ओळखायचं?

आजी घरी थांबल्या, मोठ्याजवळ. त्यांनाही सर्दी झालेली, आणि रविवारी त्यांनी मुलाच्या पाकिटातली सर्दीची गोळी घेतली होती. त्यात फिनाइलएफ्रिन होतं. त्या रक्तदाबाच्या रुग्ण. या औषधाने रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब वाढतो. दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावून मोजला, नेहमीपेक्षा बराच जास्त भरला. गोळी बंद केली, गुळण्या आणि गरम पाणी चालू ठेवलं. घरात सर्दी आली की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि म्हातारी माणसं हाताला लागेल ती गोळी घेतात.

परिणाम

रुग्णालयात पोचले तेव्हा बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के होता. निदान झालं ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनलिकांची विषाणूमुळे आलेली सूज. दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा हा आजार. मोठ्याला ज्याने नुसती सर्दी होते तोच विषाणू बाळाचा श्वास अडवतो. नाकातल्या नळीने ऑक्सिजन, नाक वरचेवर साफ करणं, पहिल्या रात्री शिरेतून द्रव, मग थोडं थोडं अंगावरचं दूध. अँटिबायोटिक दिलं नाही. बाबांना ते पटायला दोन दिवस लागले. ज्या गुलाबी बाटलीसाठी ते माझ्याकडे आले होते ती रुग्णालयातही मिळाली नाही, आणि बाळ तिच्याशिवाय सुधारलं.

मलूलपणा मंगळवारी दुपारपर्यंत गेला. तो नेमका कशाचा होता हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. यादीतली दोन कारणं आणि ऑक्सिजन, सगळ्यांचा वाटा असू शकतो असं म्हणाले. चौथ्या दिवशी घरी सोडलं. खोकला पुढे अडीच आठवडे राहिला. घरी जातानाच त्यांनी बजावलं होतं की खोकला रेंगाळणार, त्याच्यामागे बाटल्या घेऊन धावू नका.

घरी परतल्यावर पहिले दोन दिवस फार कडवट गेले. सुनेने शेगडी उचलून माळ्यावर टाकली. आजी तिच्याशी बोलेनात. शुक्रवारी दोघी एकामागून एक माझ्याकडे आल्या, एकमेकींच्या तक्रारी घेऊन. मग शनिवारी दुपारी दुकान बंद असताना त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून आम्ही आजींचा बटवा उघडला आणि एकेक वस्तू हातात घेऊन बोललो. मला वाटतं, या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम त्या दुपारी झालं.

बटव्यातलं काय राहिलं, काय गेलं

मध बाळाला वर्ष होईपर्यंत बंद. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आपल्या पोटात ते काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. मोठ्याला मात्र तोच मध रात्री झोपताना चमचाभर, खुशाल. वर्षावरच्या मुलांच्या खोकल्याला मधाने खरोखर आराम पडतो. आजींना हे ऐकून बरं वाटलं.

कापूर घरात मुलांच्या हाताला लागणार नाही असा देवघरात वरच्या फळीवर. तो जरासा पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि कातडीतून, श्वासातूनही तो अंगात भिनतो. कापूर असलेला बामही त्याच कारणाने दोन वर्षांपर्यंत नाही. ओव्याची पोटली राहिली, कापराशिवाय, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघून. तिने कफ सुटतो असं मी म्हणणार नाही, पण उबेने बाळ शांत होतं, आणि ते काही थोडं नाही.

धुरी गेली. सगळ्यात जड तीच गेली, कारण बाळाला धुरी दिल्याशिवाय आजींना न्हाणं पुरं वाटत नाही. पण धूर तो धूरच, ओव्याचा असला तरी. सुजलेल्या श्वासनलिकांना तो आणखी चिडवतो. नाकातलं तेलही गेलं. तेल श्वासनलिकेत उतरलं तर ठसका लागेलच असं नाही, ते गुपचूप फुफ्फुसात जाऊन बसू शकतं. त्या जागी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब, पाजण्याआधी दोन-दोन. बाळं प्रामुख्याने नाकाने श्वास घेतात. नाक चोंदलं की त्यांना ओढताच येत नाही आणि आपल्याला वाटतं की भूक मेली.

गुटीवर पुन्हा वाजलं असतं. मी जायफळ आणि वेखंड या दोन गोष्टींवरच अडून बसले. बाळ बरं होईपर्यंत गुटीच नको, हे आजींनी स्वतःहून मान्य केलं. अंगाला तेलमालिश, टाळूवर तेल, मऊ भाताची पेज, मुगाचं कढण, हे सगळं तसंच.

परसातल्या अडुळशाचंही निघालं. आजी मोठ्यांना त्याचा काढा देतात. मी त्यांना सांगितलं की अडुळशात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्यावरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार केलं, जे आज माझ्या फळीवर आहे. आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे आम्ही अगदीच अडाणी नव्हतो.”

नव्हत्याच. बाळ आणि मोठं माणूस यांतला फरक मात्र अडुळसाही ओळखत नाही आणि माझ्या फळीवरची बाटलीही.

काय वेगळं करता आलं असतं

शनिवारी माझ्या काउंटरवर. हे मी आधी लिहिलंच आहे. आता बाळाचं कुठलंही औषध देताना मी वजन विचारते, घरी आधीची कुठली बाटली आहे ते विचारते, आणि पट्टीवर मिलि लिहूनच बाटली देते. गर्दी असली तर गर्दी थांबते.

सोमवारी दुपारी, आजींनी ‘पोट उडतंय’ म्हटलं तेव्हा. तेव्हाच एक मिनिट मोजलं असतं तर दिवसाउजेडी निघता आलं असतं. सून मला म्हणाली, “मला वाटलं त्या मला काहीतरी सुनावतायत.” दोघींमधल्या जुन्या तहाची ही किंमत. घरगुती उपाय करणाऱ्या माणसाला आपण मागासलेलं म्हणून बाजूला बसवलं की त्या माणसाला दिसलेलं लक्षणही बाजूला बसतं.

रविवारी रात्री, बाबांनी सिरप लपवून दिलं तेव्हा. ते का लपवलं याचं उत्तर त्यांनीच दिलं होतं: ती चिडली असती. रागाच्या भीतीने लपवलेलं औषध हे सगळ्यात धोक्याचं, कारण ते कुठल्याच यादीत येत नाही. मी सुनेला सांगितलं की सिरपबद्दल ती बरोबर होती. पण बंदी घालताना ‘मग ढास लागली तर काय करायचं’ याचं उत्तरही तिने घरात दिलं असतं, तर नवऱ्याचा हात त्या बाटलीकडे गेला नसता. मोठ्याची उरलेली बाटली घरात राहिली नसती तर आणखी बरं. उरलेली सिरपं, पाणी घालून ठेवलेली अँटिबायोटिकं, आजार संपला की टाकून द्यायची.

एका गोष्टीचा मी अजून विचार करते. मी शनिवारीच सगळं विचारलं असतं तर बाळ रुग्णालयात जायचं टळलं असतं का? बहुधा नाही. ब्राँकिओलायटिस कुठल्याच औषधाने थोपवता येत नाही. पण ते तिथे सोमवारी दुपारी पोचलं असतं, गुंगीशिवाय आणि कापराशिवाय.

त्या घरात एक बदल झाला तो मी सुचवलेला नाही. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहिलेला असतो: दीड, एक, दीड. आता मुलं आजारी असली की त्याच चौकोनात दुसऱ्या शाईने औषधंही असतात, वेळेसकट आणि देणाऱ्याच्या नावासकट. आजींच्या नोंदी नातू लिहितो, त्याला नुकती अक्षरं येऊ लागली आहेत. ‘ओवा. आजी.’

जानेवारीत मोठा पुन्हा सर्दी घेऊन आला आणि तीन दिवसांनी बाळाचं नाक वाहू लागलं. बाबा सलाइनचे थेंब न्यायला आले होते. मी सवयीने विचारलं, श्वास मोजले का? त्यांनी फोनवरचा एक व्हिडिओ दाखवला. बाळ झोपलेलं, अंगरखा वर केलेला. शेजारी नातू घड्याळाच्या काट्यावर डोळे लावून बसलेला. आणि आजी जपमाळ हातात घेऊन, दर श्वासाला एक मणी ओढत होत्या. नातू “झालं!” म्हणाला तेव्हा त्यांनी मणी परत मोजले.

“छत्तीस,” आजी म्हणाल्या, आणि अंगरखा खाली ओढला.